‘माहीत नाही’ म्हणणारी बाई

४ मार्च
चार नंबरचं ठाणं

खारू,

पाकिटावरचं कोंबडीच्या पायांचं अक्षर बघून ओळखलंच असशील. मामा आणि पत्र! फोन काय मेलाय का, असं तू म्हणणार. फोन जिवंत आहे. पण फोनवर मी दुसऱ्या वाक्याला विनोद करतो, तू हसतेस, आणि सांगायचं ते तसंच घशात राहतं. म्हणून कागद घेतला. इथं कागदाला तोटा नाही. जुन्या यंत्रांचे नोंदींचे रोल पडलेत, त्यांच्या पाठकोऱ्या बाजूवर लिहितोय. उलटून बघू नकोस, तिथं तू जन्मायच्या आधीची थरथर आहे.

तुझ्या आईबद्दल लिहिणार आहे. इथंच फाडून टाकलंस तरी माझं काही म्हणणं नाही. पण तू फाडणार नाहीस, कारण पत्र मामाचं आहे.

सहा वर्षं तू तिच्याशी, माझ्या ताईशी, बोलली नाहीस. मी मध्ये पडलो नाही. ‘दोघींचं दोघी बघून घेतील’ असं म्हणत राहिलो, आणि लोक मला समजूतदार म्हणत राहिले.

तर बातमी अशी की महिनाभर मी टेकडीवर मुक्काम ठोकून आहे. आमची बारा ठाणी अशीच डोंगरांवर विखुरलेली आहेत हे तुला आठवत असेल. प्रत्येक ठिकाणी एक खड्डा, खड्ड्यात भूकंपमापक, वर सौर पॅनेल आणि एक खांब. खालची जमीन जरा हलली की खबर ताईच्या केंद्रात पडद्यावर उमटते. ताई वाचते. आणि बॅटरी बसली, वायर उंदरांनी खाल्ली, की बॅग घेऊन मी निघतो. तीस वर्षं झाली, हुद्दा वाढला, उंदीर तेच.

या टेकडीखाली नदीच्या वळणावर एक गाव आहे, चाळीस हजार वस्तीचं. त्याच्या पोटात सव्वीस दिवसांपासून काहीतरी खदखदतंय. तीनशेवर धक्के झाले. बहुतेक इतके बारीक की भांडीसुद्धा वाजत नाहीत, पण दिवसातून एखादा असा येतो की माणसं ताटावरून उठतात.

परवा बॅटऱ्या न्यायला केंद्रात गेलो होतो. नोंदी वाचायला नवीन लागलेली मुलगी धावत आली, ‘मॅडम, दुपारी बाराचा मोठा आहे!’ ताई उभ्या उभ्या जेवत होती. तिनं डबा हातात धरूनच पडद्याकडे पाहिलं आणि म्हणाली, ‘हा खाणीतला सुरुंग आहे. खोडून टाक.’

‘कशावरून, मॅडम?’

‘पहिली हालचाल बघ. सगळ्या ठाण्यांना बाहेरच ढकललंय. सुरुंग सगळ्यांशी सारखाच वागतो. भूकंप असता तर काहींना ढकललं असतं, काहींना ओढलं असतं.’

मुलीनं खाणीत फोन लावला. बारा वाजून चार मिनिटांनी उडवला म्हणाले.

खारू, मी तिचा धाकटा भाऊ. लहानपणी तिच्या हातचा मार खाल्लाय. पण त्या खोलीत ती असली की मला आपण कुणीतरी मोठं माणूस बघतोय असं वाटतं, अजूनही.

त्या दिवसाबद्दल मात्र मी काही लिहिणार नाही. तुझं मनगट कसं आहे? थंडीत दुखतं का?

मामा


१२ मार्च

खारू,

तुझं उत्तर नाही, तरी लिहितोय. काल जे पाहिलं ते कुणाला तरी सांगायलाच हवं.

गावात भीतीनं कहर केला होता. दुकानं अर्धा दिवस बंद, लोक अंगणात खाटा टाकून बसलेले. त्यात एका महाभागानं मोबाइलवर तारीखच काढली: येत्या शुक्रवारी दुपारी चार वाजता गाव गडप होणार. कोण, कुठला, काही पत्ता नाही. पण वेळ नेमकी सांगितली की माणसं विश्वास ठेवतात बघ. आम्ही त्याला ‘तारीखवाला’ म्हणतो.

म्हणून जिल्ह्याच्या मोठ्या साहेबांनी शाळेच्या सभागृहात सभा बोलावली आणि ताईला आणलं. सभेआधी मागच्या खोलीत साहेबांनी तिच्यापुढे कागद ठेवला. मजकूर तयार होता: धोका नाही, नागरिकांनी निश्चिंत राहावं. खाली ताईचं नाव छापलेलं, फक्त सही बाकी.

ताईनं चष्मा लावून दोनदा वाचलं. ‘हे मला माहीत नाही,’ ती म्हणाली.

‘मॅडम, शास्त्र काय सांगतं?’

‘अशा धक्क्यांनंतर बहुतेक वेळा काही होत नाही. कधीकधी होतं. या वेळचं कुणालाच माहीत नाही.’

‘मग तारीखवाला बोलतोय ते खरं?’

‘त्यालाही माहीत नाही. फरक एवढाच की तो ते सांगत नाही.’

सही केली नाही. साहेबांचा चेहरा असा झाला, जणू चपलेत खडा गेलाय आणि चारचौघांत काढता येत नाही.

बाहेर पाचशे माणसं. ताईला बोलायला दिलं, तेव्हा तिनं तेच सांगितलं, जसंच्या तसं. माहीत नाही. सभागृहात एकदम गलका उठला. पुढच्या रांगेतला एक हार्डवेअरवाला, आडदांड गडी, उभा राहून ओरडला, ‘तीस वर्षं त्या यंत्रांपुढे बसून तुम्हाला माहीत नाही? मग तिथं बसता कशाला?’

मी दाराशी होतो. माझे कान तापले. ताई शांतपणे म्हणाली, ‘जमीन कधी हलेल ते मला सांगता येत नाही. पण हलली तर कुठली भिंत पडेल ते शोधता येतं. चला, आत्ता दाखवते. कोण कोण येतंय?’

आणि व्यासपीठावरून उतरून चालायला लागली! गुडघा दुखतो तिचा, डाव्या पायावर जरा लचकते, तू गेल्यानंतर सुरू झालंय. आधी दहा-बाराच लोक निघाले, चौकापर्यंत दोनशे झाले. ताई भिंतींवर हाताची मूठ आपटत, गॅलऱ्यांखाली मान वर करून बघत चालली होती. ‘ही कुंड्यांची रांग खाली घ्या. हे कपाट भिंतीला ठोका. या भिंतीला आधार नाही, हिच्याखाली मुलांना झोपवू नका.’ बायका घरातून हाका मारायला लागल्या, आमचं बघा, आमचं बघा. हार्डवेअरवाला मागे मागे होता. तासाभरानं त्यानं स्वतःच्या दुकानातले खिळे नि पट्ट्या वाटायला सुरुवात केली. राग तसाच होता, पण हात चालू होते.

शेवटी इस्पितळाच्या मेट्रनबाई आल्या. पन्नाशीच्या, बुटक्या, आवाज हवालदारासारखा. ताईला हाताला धरून जुन्या दगडी इमारतीत घेऊन गेल्या. पहिल्या मजल्यावर बायकांचा वॉर्ड, एकतीस खाटा. वर गच्चीत नंतर बसवलेली पाण्याची भली मोठी टाकी. कोपऱ्यात भेग, माझा तळहात जाईल एवढी.

‘या टाकीखाली मी माझ्या बायका ठेवू का नको?’ मेट्रननी विचारलं.

ताईनं भेगेत हात घालून पाहिला. ‘नको.’

मागोमाग आलेले साहेब म्हणाले, असा आदेश मी देणार नाही. ताईनं वहीचं पान फाडलं आणि तिथंच खिडकीच्या कठड्यावर ठेवून लिहून दिलं: वॉर्ड रिकामा करावा असा माझा सल्ला आहे, जबाबदारी माझी. या कागदावर मात्र लगेच सही केली.

आज दिवसभर खाटा वाहतोय. गावाबाहेर पत्र्याची एक वखार रिकामी होती, तिथं. पाठ मोडली आहे. पण बरं वाटतंय.

मामा


२३ मार्च

खारू,

शुक्रवारचे चार वाजले, पाच वाजले, काही झालं नाही. तारीखवाल्यानं नवी तारीख काढली. लोक हसले आणि घरात गेले. धक्केही कमी झालेत, कालच्या दिवसात फक्त दोन. सगळे म्हणतायत संपलं. ताईला विचारलं तर ती काय म्हणते ते तू ओळखलंच असशील.

वखारीत हाल आहेत. पत्रा तापतो. एक बाई तिथंच बाळंत झाली, दोघं सुखरूप आहेत, पण वर्तमानपत्रानं ‘पत्र्याखाली प्रसूती’ असा मथळा दिला. काल साहेब तपासणीला आले, सोबत ताईला बोलावून घेतलं आणि सगळ्या खाटांच्या देखत तिला धारेवर धरलं. तुम्ही गाव घाबरवलंत. तुम्ही आजारी माणसांना उकाड्यात आणून टाकलंत. कुणी सांगितलं होतं हे?

‘निर्णय माझा होता,’ ताई म्हणाली. बस्स, तेवढंच.

आणि तेव्हा मेट्रनबाई हातातलं औषधांचं तबक खाली ठेवून पुढे आल्या. ‘साहेब, बाईंचा नव्हे. मी मागितला. भेग मी त्यांना नेऊन दाखवली. लिहायचं असेल तर माझं नाव लिहा. नोकरीची सहा वर्षं राहिलीत माझी, गेली तर गेली.’

ताई त्यांच्याकडे बघतच राहिली. खारू, मी ताईचा तो चेहरा पाहिला. तिच्या वाटचं ओझं कुणी उचलायला पुढे येईल याची तिला सवयच नव्हती. आणि ती सवय का नव्हती हे त्या वखारीत फक्त मला ठाऊक होतं.

साहेबांनी महिनाअखेरपर्यंत परत हलवा असं सांगितलं आणि गेले. मी बाहेर जाऊन दगडावर बसलो. मग टेकडीवर येऊन हे लिहायला घेतलं. आता विनोद नाही.

पंधरा वर्षांपूर्वी तो भूकंप झाला तेव्हा तू नऊ वर्षांची होतीस. सकाळचे अकरा वाजले होते. ताई नदीपलीकडे केंद्रात, तू अलीकडे शाळेत, मीही अलीकडे, बॅटरीच्या दुकानात. पूल लगेच बंद केला. ताईचा एकच फोन लागला, तो मला. ‘शाळेत जा. तिला घे आणि तिच्याजवळच राहा. मला इथून हलता येत नाही, कुठल्या खोऱ्यात माणसं पाठवायची ते बचाववाले विचारतायत.’ मी म्हणालो, ‘निघालोच.’ मग फोन बंद पडले.

मी निघालो होतो. शाळेच्या अलीकडच्या गल्लीत होतो. दुसरा धक्का आला आणि माझ्यापुढे दहा पावलांवर एक अख्खी भिंत आडवी झाली. धुरळा उठला. मी मागे वळलो आणि पळालो, खारू. मोकळ्या मैदानात जाऊन बसलो. पाय उचलेनात. आत्ता जातो, आत्ता जातो म्हणत संध्याकाळ झाली. मग शरम वाटायला लागली, आणि शरमेनं तर माणूस आणखीच बसून राहतो. तू तिथं मोडलेल्या मनगटाला रुमाल बांधून फाटकाशी थांबली होतीस. बावीस तास.

ताई समजत होती की तू माझ्याजवळ आहेस. म्हणूनच ती खुर्चीत बसू शकली. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन लागला तेव्हा तिनं पहिलं विचारलं, ‘झोपली का ती?’ मी सांगितलं, मी गेलोच नाही. मग ती एवढंच म्हणाली, ‘जा. आत्ता जा.’

मी आलो. तू विचारलंस, ‘आई कुठाय?’ मी म्हणालो, ‘आई कामात आहे. तिनं मला आत्ता पाठवलं.’

शब्द खरे होते, म्हणून खोटं इतकी वर्षं टिकलं. त्या ‘आत्ता’नं तुझी आई तुझ्यापासून तुटली आणि तुला लाडका मामा मिळाला. तुझी दर वाढदिवसाची कार्डं माझ्या कपाटात आहेत. अठराव्या वर्षी तू तिला म्हणालीस, ‘जमीन हलली की तुला मी आठवत नाही.’ मी तिथंच उभा होतो, चहाचा कप हातात घेऊन. ताईनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तिनं एका वाक्यात मला उघडं पाडलं असतं.

ती मोठी बाई आहे. मी तिचं कौतुक करत पत्रं लिहीत होतो, म्हणजे तुला ती आवडेल आणि मला काही सांगावं लागणार नाही. एवढा मी लबाड.

पुढे काय लिहू कळत नाही.


३० मार्च

खारू,

तू बातम्यांत पाहिलं असशील. आम्ही दोघं सुखरूप आहोत, हे आधी.

सत्तावीस तारखेला सकाळी नऊ चाळीसला मोठा धक्का झाला. पाच पॉइंट सहा. मी टेकडीवर खांबापाशी होतो. आधी आवाज आला, जमिनीखालून ट्रक गेल्यासारखा, मग मी गुडघ्यांवर होतो. खाली गावावर धूळ चढताना दिसली. खांब वाकडा झाला, ठाणं बंद पडलं. पुढचे धक्के कुठं सरकतायत हे कळायला ताईला चार नंबर हवंच होतं. खड्ड्यात उतरलो, वायर जोडली, वीस मिनिटांत चालू केलं. यात शौर्य काही नाही, ते माझं कामच आहे. तुला फक्त सांगितलं.

मग गावात गेलो. इस्पितळाची जुनी इमारत कोपऱ्यातून फाटली होती. टाकी गच्ची फोडून सरळ वॉर्डात उतरली होती. एकतीस खाटांच्या जागेवर दगड, पाणी आणि लोखंड. माणूस एकही नाही. सगळ्याजणी वखारीत होत्या, पत्रा नुसता खडखडला. मेट्रनबाई एकेका खाटेवर हात ठेवत मोजत होत्या. एकतीस झाल्या की पुन्हा पहिल्यापासून.

संध्याकाळपर्यंत ताई आली. लोकांनी तिला गराडा घातला. तो हार्डवेअरवाला, त्याची आई त्या वॉर्डात होती हे मला तेव्हा कळलं, तो ताईच्या पायाशी वाकायला लागला. ताईनं त्याचे दंड धरले.

‘तुम्ही सांगितलं होतं,’ तो रडत म्हणाला.

‘मी सांगितलं नव्हतं. मला माहीत नव्हतं. तुम्ही खिळे वाटलेत, या बाईंनी वॉर्ड हलवला.’

पण तिला त्या कौतुकाशी देणंघेणंच नव्हतं. ती विचारत होती, कुणी गेलं का? दोघं गेली होती. सुताराच्या गल्लीतलं म्हातारं जोडपं, घराच्या पुढच्या भिंतीखाली. ताई तिथं गेली. ढिगाऱ्यापुढे उभी राहिली, आणि मग त्यांच्या मुलाला म्हणाली, ‘ही भिंत मी त्या दिवशी पाहिली होती. मला ती धड वाटली, तसं मी तुमच्या आईला सांगितलं. माझं चुकलं.’

कुणी विचारलं नव्हतं तिला. कुणाला आठवणारही नव्हतं. मुलगा पाठ फिरवून आत गेला. ताई थोडा वेळ तिथंच थांबली, तो परत आला तर काही बोलायचं असेल त्याला, म्हणून. तो आला नाही.

परतताना गाडीत ती म्हणाली, ‘दगडी नव्हती, विटांची होती. आतून पोकळ. मूठ मारून कळायला हवं होतं.’

माझं मागचं पत्र मिळालं असेल. उत्तर देऊ नकोस असं म्हणवत नाही. दे असंही म्हणवत नाही.


१९ एप्रिल
केंद्र

खारू,

ताईला सांगितलं की मी तुला सगळं लिहिलंय. मला वाटलं ती मोकळी होईल. ती भडकली!

‘तुला कुणी सांगितलं होतं शहाणपणा करायला?’

‘ताई, पंधरा वर्षं तू...’

‘तिला बाप नव्हता. आई ही अशी, चोवीस तास यंत्राला चिकटलेली. त्या दिवशी तिला कळलं असतं की मामाही आला नाही, तर तिनं जगात कुणाच्या भरवशावर राहायचं होतं? एक तरी माणूस तिच्याजवळ राहू दे, म्हणून गप्प बसले. आणि मी काही धुतल्या तांदळासारखी नाही. संध्याकाळी काम दुसऱ्याकडे देऊन मी होडीनं येऊ शकले असते. तू आहेस म्हणून आले नाही, की काम सुटत नव्हतं म्हणून, ते माझं मलाही सांगता येत नाही.’

हे तिचे शब्द आहेत, जसेच्या तसे पाठवतोय. पुढे मी काही जोडत नाही.

दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी डब्यातला अर्धा भाग न विचारता माझ्या ताटलीत वाढला.

परवा तुझं पत्र आलं. तिच्या नावानं. माझ्या नावानं काही नव्हतं, आणि ते बरोबरच आहे. रागव, हवं तेवढं रागव. तिनं ते नोंदींच्या खोलीत उभ्यानं वाचलं. मग खुर्ची ओढून बसली आणि पुन्हा वाचलं. पडद्यावर एक छोटा धक्का येऊन गेला, नव्या मुलीनं हाक मारली, ‘मॅडम!’ ताईनं मान वर न करता सांगितलं, ‘तू बघ.’ तीस वर्षांत मी हे ऐकलं नव्हतं.

दुपारी ती माझ्याकडे आली, जरा ओशाळून. रजेचा अर्ज कसा भरतात ते तिला येत नव्हतं. मी रकाने दाखवले. ‘कारण’ या रकान्यात तिनं लिहिलं: मुलगी येते आहे. ‘दिवस’ मध्ये आठ लिहिले, खोडले, पंधरा केले.

तुझी गाडी मंगळवारी सकाळी नऊला पोचते. ताई सातपासून फलाटावर उभी असेल, मी ओळखतो तिला. मी येणार नाही. मी चार नंबरवर असेन, नवा खांब बसवायचाय. टेकडीचा रस्ता गावातून कुणीही दाखवेल, चढावंसं वाटलं तर. नाही वाटलं तर नाही.

गाडीला उशीर झाला तर मात्र कळव. थेट तिलाच कळव. मध्ये मी नको.

अजून म्हणू देशील तर,
मामा